आधी नोंद, मग तक्रार

रत्नागिरी स्थानक सोडून गाडी निवसरच्या दिशेने निघाली की थोड्याच वेळात पानवल नदीच्या दरीवरील पूल लागतो. सुमारे ६४ मीटर उंचीचा हा पूल आला की डब्यातील मुले खिडकीशी गर्दी करतात. दरी सर्वांनाच दिसते; पण या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे एक यंत्र बसवलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोकण रेल्वेने अशी वायुवेगमापके गोव्यातील मांडवी व जुवारी आणि कर्नाटकातील शरावती या नद्यांवरील पुलांवरही बसवली आहेत. चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा काही स्थानकांवर पाऊस आपोआप नोंदणारी पर्जन्यमापके आहेत. वारा किंवा पाऊस प्रमाणाबाहेर वाढू लागला की संबंधित अधिकाऱ्यांना इशारा जातो.

या व्यवस्थेत चार गोष्टी आहेत. सतत मोजायचे, मोजलेले वेळेसह लिहून ठेवायचे, धोक्याची मर्यादा आधीच ठरवायची, आणि ती ओलांडली गेली की योग्य माणसाला ताबडतोब कळवायचे. आता आपल्या शाळेतील किंवा महाविद्यालयातील संगणक कक्षाकडे पाहा. तेथे संगणक असतात, ते एकमेकांना आणि बाहेरच्या जगाला जोडणारे जाळे असते. ते बंद पडले की आरडाओरडाही होतो. पण या चारांपैकी एक तरी गोष्ट तेथे होते का? बहुधा नाही. माझे मत असे की, जेथे संगणक कक्ष आहे तेथे या जाळ्यावर पहारा ठेवणारी आज्ञावली एखाद्या जुन्या संगणकावर बसवलीच पाहिजे, आणि ते काम विद्यार्थ्यांनी केले पाहिजे. हे मत कसे झाले, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, तेथील संगणक कक्षात इंटरनेट दिवसातून चार-पाच वेळा बंद पडू लागले. बंद पडे आणि दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुरू होई. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धवट राही, कोणाची चाचणी मध्येच तुटे. पावसाने केबल भिजली, असे कोणी म्हणे. सेवा पुरवणारी मंडळी म्हणत, "आमच्या बाजूने सर्व ठीक आहे, दोष तुमच्याकडे." शेवटी सर्वांचे बोट एका मुलाकडे वळले. द्वितीय वर्षातला, संगणकात चांगली गती असलेला, रिकाम्या तासाला कक्षात बसून काही ना काही उतरवून घेणारा मुलगा. त्याच्यामुळेच जाळ्यावर ताण येतो असे ठरले आणि त्याला कक्षात येण्यास मनाई झाली. त्या निर्णयाला मीही मान डोलावली होती, हे येथे लिहिले पाहिजे.

पुरावा काय होता? इंटरनेट दोनदा बंद पडले तेव्हा तो तेथे होता, एवढाच. त्या वेळी तेथे आणखी वीस मुले होती. असा निष्कर्ष कोणी प्रयोगवहीत लिहिला असता तर मी त्यावर लाल शाईने काट मारली असती. ही विसंगती त्याच्याच वर्गातील दोन मुलींनी माझ्या लक्षात आणून दिली. त्यांनी भांडण केले नाही. "मॅडम, पंधरा दिवस मोजून बघू या का?" एवढेच विचारले.

अडगळीच्या खोलीत एक टाकून दिलेला संगणक होता. त्याची स्मृती अवघी २ जीबी. नव्या कामांना तो निरुपयोगी, पण पहाऱ्याला पुरेसा. त्यावर मुलींनी लिनक्स बसवले. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहायला घेतली आणि जगभरच्या लोकांनी ती वाढवली. ती विनामूल्य मिळते आणि आतून कशी बनली आहे ते कोणालाही पाहता येते. मुलींनी तिचा डेबियन हा प्रकार निवडला. चित्रे, खिडक्या वगैरे सजावट वगळली, म्हणजे जुन्या यंत्रावर भार पडत नाही.

पुढची कामे दोन. पहिले, या संगणकाला जाळ्यात कायमचा एकच पत्ता दिला. पहारेकऱ्याचे घर रोज बदलून चालत नाही. दुसरे, त्याचे घड्याळ इंटरनेटवरील प्रमाण वेळेशी जुळवून घेतले. हे काम क्षुल्लक वाटते, पण ज्या नोंदीची वेळ चुकीची, ती नोंद दुसऱ्या कशाशीही ताडून पाहता येत नाही. मग नागिऑस नावाची पहाऱ्याची आज्ञावली उतरवून घेतली. एथन गॅलस्टॅड या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती १९९९ साली प्रथम नेटसेंट या नावाने प्रसिद्ध केली होती. अशा आज्ञावल्या आणखीही आहेत. लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेली झॅबिक्स ही त्यांपैकीच एक.

नागिऑसचे काम समजायला सोपे आहे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला ती ठराविक वेळाने विचारते, "आहेस का?" उत्तर आले तर किती वेळात आले ते पाहते. हा प्रश्न विचारण्याच्या साधनाला पिंग म्हणतात. माइक मूस या अमेरिकन संशोधकाने ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनितरंग पाठवून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्या आवाजावरून हे नाव पडले. तुमच्या पाठ्यपुस्तकातील सोनारच हा. फक्त समुद्राच्या जागी तारा आहेत.

मांडणी करायची म्हणजे काही साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या. कोणत्या यंत्राला विचारायचे, किती वेळाने विचारायचे, किती उशीर झाला तर सावध व्हायचे, किती झाला तर धोका मानायचा आणि कोणाला कळवायचे, ते त्यांत असते. नागिऑससोबत येणाऱ्या एका नमुना फाईलमध्ये उत्तराला १०० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ लागला किंवा २० टक्के प्रश्न वाया गेले तर "सावध", आणि ५०० मिलिसेकंद किंवा ६० टक्के झाले तर "गंभीर" अशा मर्यादा आहेत. त्या वेदवाक्य नव्हेत; आपल्या जाळ्याची नेहमीची प्रकृती आठवडाभर पाहून आपण त्या बदलायच्या असतात. फाईलमध्ये एखादा महिरपी कंस बंद करायचा राहिला तरी आज्ञावली चालत नाही. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी सर्व फायली तपासून घेण्याची सोय तिच्यातच आहे. मुलींची पहिली तपासणी सात चुका दाखवून थांबली. त्या सात चुका शोधताना दोघी जितके शिकल्या, तितके मी तासभर व्याख्यान देऊनही शिकवू शकले नसते.

सर्व सुरू झाल्यावर पडद्यावर हिरव्या पट्ट्यांची यादी दिसली. तेव्हा मी एका संगणकाची तार हळूच उपसली. थोड्या वेळाने त्याची पट्टी लाल झाली. तार पुन्हा जोडल्यावर हिरवी. व्हर्निअर वापरण्यापूर्वी आपण शून्य त्रुटी पाहतो, तसेच हे. जे उपकरण मुद्दाम केलेला दोष दाखवत नाही, ते नकळत झालेला दोष दाखवील, असा भरवसा कसा ठेवणार?

पहिला आठवडा मात्र निराशेचा गेला. इंटरनेट कितीदा तरी बंद पडले, पण नोंदी थोड्याच झाल्या. कारण साधे होते. आम्ही ५ मिनिटांनी एकदा विचारत होतो आणि बिघाड सुमारे २ मिनिटे टिकत होता. म्हणजे पाचांपैकी सरासरी दोनच बिघाड पकडले जाणार. ज्या लोलकाचा आवर्तकाल २ सेकंद आहे, त्याच्याकडे दर ५ सेकंदांनी एकदा पाहिले तर त्याचे आंदोलन कसे कळणार? मुलींनी अंतर १ मिनिटावर आणले. उत्तर आले नाही की नागिऑस लगेच हाकाटी करत नाही; आणखी काही वेळा विचारून मगच बिघाड पक्का मानते. ही संख्याही आपणच ठरवायची असते. आम्ही तीन ठेवली होती. त्यामुळे लहान बिघाडांची सूचना आली नाही तरी कच्ची नोंद मात्र राहू लागली.

आता नोंदी भरपूर झाल्या, पण त्या चमत्कारिक होत्या. बिघाडाच्या वेळी कक्षातील इतर संगणक गप्प, कार्यालयातील मुख्य राऊटर गप्प, बाहेरचे जगही गप्प. जणू सगळे एकदमच मेले! तेव्हा दोघींपैकी एक म्हणाली, "जग बंद पडले नसेल, मॅडम. आपणच जगापासून तुटलो असू." तिचे म्हणणे बरोबर होते. आमचा पहारेकरी संगणक कक्षातच, त्याच तारांच्या मागे बसला होता. धावत्या गाडीतून पाहणाऱ्याला झाडे पळताना दिसतात. काय दिसते हे कोठून पाहतो यावर अवलंबून असते.

मग तो संगणक आम्ही पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हलवला. तेथून मुख्य राऊटरपर्यंत वेगळी तार जाते. संगणक कक्षाची तार मात्र जिन्याखालच्या कपाटातील एका स्विचमधून जाते. स्विच म्हणजे एका तारेतून आलेले संदेश अनेक संगणकांना वाटून देणारी पेटी. आता चित्र स्वच्छ झाले. बिघाडाच्या वेळी बाहेरचे जग ठीक, राऊटर ठीक. फक्त तो स्विच आणि त्याच्या मागचे संगणक गप्प. म्हणजे सेवा पुरवणारे खरे बोलत होते. पावसाचाही संबंध नव्हता.

एक प्रश्न उरला. स्विचकडे येणारी तार सैल होती, की स्विच स्वतः बंद पडत होता? यासाठी १९८८ मध्ये ठरलेला एसएनएमपी नावाचा संकेत उपयोगी पडला. त्यानुसार जाळ्यातील यंत्राला त्याच्या प्रकृतीविषयी ठराविक प्रश्न विचारता येतात. त्यांतला एक प्रश्न असा : "तू सुरू होऊन किती वेळ झाला?" तार सैल असती तर स्विचने कित्येक दिवसांचा आकडा सांगितला असता. पण बिघाडानंतर तो दर वेळी एक-दोन मिनिटेच सांगे. म्हणजे तो बंद होऊन नव्याने सुरू होत होता.

वेळांचा तक्ता भिंतीवर लावल्यावर उत्तर आमच्या शिपाईमामांनी दिले. ते म्हणाले, "या तर माझ्या पंपाच्या वेळा." टाकीत पाणी चढवणारा पंप आणि तो स्विच एकाच वीजवाहिनीवर होते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युतधारा ओढते आणि त्या वाहिनीवरील दाब उतरतो. संगणकांना यूपीएसचा आधार होता, कपाटातील स्विचला नव्हता. आम्ही तीन वेळा मुद्दाम पंप सुरू केला. तिन्ही वेळा स्विच पुन्हा सुरू झाला. एक लहान यूपीएस बसवल्यावर उपद्रव थांबला. तोपर्यंत नवा राऊटर घेण्याचा प्रस्ताव तयार झाला होता, तो मागे घेतला. त्या मुलावरील मनाई उठली आणि मी वर्गात त्याची क्षमा मागितली. तो फक्त "ठीक आहे, मॅडम" म्हणाला. पण एक महिना तो निष्कारण दोषी ठरला होता, ते भरून कसे निघणार?

या पहाऱ्याचा दुसरा लाभ असा की तो पदार्थविज्ञानाची उत्तम प्रयोगशाळा आहे. काचेच्या तंतूचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असतो. म्हणून त्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदात २०० किलोमीटर. पिंग जाऊन परत येते, म्हणून उत्तराचा प्रत्येक मिलिसेकंद फार तर १०० किलोमीटर अंतर दाखवतो. रत्नागिरी ते मुंबई तार सुमारे ३५० किलोमीटर लांब आहे असे धरले तर उत्तर ३.५ मिलिसेकंदांच्या आत येणे शक्यच नाही. प्रत्यक्षात अधिक लागतात, कारण तारा वळणे घेतात आणि वाटेतील यंत्रे संदेशांना रांगेत उभे करतात. उलट, एखाद्या अमेरिकन संकेतस्थळाचे उत्तर ८ मिलिसेकंदांत आले, तर उत्तर देणारे यंत्र ८०० किलोमीटरच्या आतच असले पाहिजे. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. तेथून उत्तर येण्यास निदान १२५ मिलिसेकंद हवेत. म्हणजे त्या संकेतस्थळाची प्रत अमेरिकेत नव्हे, मुंबईसारख्या जवळच्या शहरात ठेवलेली आहे, हे वर्गात बसल्या बसल्या सिद्ध झाले!

मात्र नोंद अखंड हवी. याचे थोर उदाहरण कोकणातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. शहरात विजेवरच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विद्युतधारेने सूक्ष्म मापन बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळला. अलिबागची नोंद आजही चालू आहे. आपला पहारेकरी संगणक बदलण्याची वेळ येईल, तेव्हा जुना आणि नवा काही दिवस बरोबर चालवावेत, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

आता एक इशारा. पहारा यंत्रांवर ठेवायचा, माणसांवर नव्हे. पोस्टमन पत्रे मोजतो, फोडून वाचत नाही. कोणता संगणक चालू आहे, हे नोंदणे वेगळे आणि कोणी काय वाचले, हे नोंदणे वेगळे. दुसरे काम करणारी साधनेही सहज मिळतात, म्हणूनच मर्यादा आधी ठरवली पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. आम्ही कक्षाच्या दारावर कागद लावला आहे. काय नोंदले जाते आणि काय नोंदले जात नाही, ते त्यावर लिहिले आहे. तसेच हा प्रयोग आपल्याच संस्थेच्या जाळ्यावर आणि प्राचार्यांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या परवानगीनेच करावा. पहाऱ्याच्या पानाला परवलीचा शब्द असावा आणि ते संस्थेच्या बाहेर उघडे ठेवू नये.

शिक्षकबंधू आणि भगिनी म्हणतील, "हे तंत्रज्ञाचे काम, अभ्यासक्रम तरी कोठे पुरा होतो?" अडचण खरी आहे. पण निरीक्षण, नमुन्यांमधील अंतर, उपकरणातील त्रुटी, निरीक्षकाचे स्थान आणि कारणाची परीक्षा या गोष्टी अभ्यासक्रमातल्याच आहेत. येथे त्या खऱ्या प्रश्नाला लागू पडतात, इतकेच. शिवाय तंत्रज्ञ बोलावल्यावर येतो. नोंद मात्र तो येण्याच्या आधीची लागते. लिनक्सची ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पातील धडे मराठीतूनही ऐकता येतात.

आणि ज्या शाळेत जुना संगणकही नाही, तिने काय करावे? दोनशे पानी वही घ्यावी. तीन रकाने आखावेत : बंद पडल्याची वेळ, सुरू झाल्याची वेळ, त्या क्षणी आसपास काय चालले होते. महिनाभर ही वही वर्गप्रमुखाने प्रामाणिकपणे भरावी. कोणाचेही नाव लिहिण्याचा रकाना तिच्यात ठेवू नये. महिन्याने ती उघडून सर्वांनी मिळून वाचावी, आणि तोपर्यंत कोणाला कक्षाबाहेर काढू नये.